मदत हवी आहे : एकाच घरात दारू आणि पावडर

नमस्कार. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात आहे. जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे, तरीही माझे सासरे वीस वर्षांपासून रोज मोहाची दारू पितात आणि आता धाकटे दीर नागपूरहून एमडी पावडरीची (मेफेड्रोन या अमली पदार्थाची) सवय घेऊन परतले आहेत.

सासऱ्यांचे पिणे घराच्या इतके अंगवळणी पडले आहे की, सकाळी त्यांचा हात थरथरतो म्हणून सासूबाई चहाचा पेला निमूटपणे अर्धाच भरतात. दिरांचा विषय निघाला की मात्र त्या दार लोटून घेतात. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे त्या ज्वारीच्या कोठीत लपवतात, ते दोघांपासूनही. माझ्या मते (घरात हे बोलायची सोय नाही) दोन व्यसनांत फरक आहे तो मुख्यतः वेगाचा आणि लाजेचा.

सासरे आता एकदम दारू सोडतो म्हणतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक थांबल्यास दोन-तीन दिवसांत झटके येऊन किंवा भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे, एवढे मला ठाऊक आहे. दिरांना पावडर मिळाली नाही, तर ते दिवसभर झोपतात आणि उठल्यावर कुणाशी बोलत नाहीत.

दोघांना एकाच केंद्रात, एकाच वेळी दाखल करावे काय? १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर कुटुंबीयांनी बोलल्याचा अनुभव कसा आहे? आणि कापूस वेचणी तोंडावर असताना सासूबाईंना कसे तयार करावे?