‘लाइन आली’ हे इंग्रजीत चालते का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
पोरगी आठवीत आहे. ‘माझे गाव’ या इंग्रजी निबंधात तिनं लिहिलं, ‘द लाइन कम्स अ‍ॅट नाइट, सो माय फादर गोज टू द फार्म.’ सरांनी ‘लाइन’ला लाल गोल केला, कारण लिहिलं नाही. आता ती विचारून राहिली, मग लाइनमन कसा चालते? आमच्याकडं दिवसभर हाच शब्द: वीज गेली की लाइन गेली, बँकेत लाइन लागली, शकुंतला रेल्वेची लाइन, नागपूरचं सिव्हिल लाइन्स. इंग्रजीत यातलं काय चालते? तिला मला नीट समजावून सांगायचं आहे.

उत्तर (निवृत्त इंग्रजी शिक्षक, वर्धा)
ताई, घरात जवस असेल तर तिच्या हातावर चिमूटभर ठेवा. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनम’ म्हणत. आपण तेलासाठी, चटणीसाठी जवस पेरतो. तिकडं त्याच्या खोडातून धागे काढून सूत कातत. लिनन कापड त्याचंच. त्या दोऱ्याला ‘लिनिया’ म्हणत, आणि तीच पुढं लाइन झाली. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. म्हणून कपडे वाळवायची दोरी लाइन, वहीतली ओळ लाइन, नाटकातलं वाक्य लाइन, रेल्वेचा मार्ग लाइन, तारही लाइन. ‘ड्रॉप मी अ लाइन’ म्हणजे दोन ओळी लिहून कळव. बँकेतली लाइन अमेरिकेत चालते, इंग्लंडात तिला ‘क्यू’ म्हणतात.

आता विजेचं. इंग्रजीत लाइन म्हणजे तार. तारेतून येते ती ‘पॉवर’. तार तुटते, पण रोज येत-जात नाही. म्हणून निबंधात ‘द पॉवर कम्स अ‍ॅट नाइट’ लिहावं. लाइनमन बरोबरच आहे, तो तारांचं काम पाहतो. पोरीचं वाक्य मात्र मला फार आवडलं. ओलिताचं खरं दुःख त्यात आलं आहे.

उत्तर (मोटार दुरुस्तीवाला, कारंजा)
सर बरोबर आहेत, पण पोरगी पुरती चुकली नाही. पंपाच्या मोटारीच्या बऱ्याच स्टार्टरमध्ये सप्लाय जोडतो तिथं एल-1, एल-2, एल-3 लिहिलेलं राहते. तो एल लाइनचाच. दाखवायचं असेल तर आधी मेन स्विच पाडा, अन् पोरीला हात लावू देऊ नका.

प्रश्नकर्ती
दोन्ही उत्तरं तिला वाचून दाखवली. तिचा पुढचा प्रश्न: फोनवर ‘लाइन बिझी’ म्हणतात, ते?

निवृत्त शिक्षक
ते बरोबर. पूर्वी फोन तारेवरच चालत, अन् दुसरं कोणी बोलत असलं की ती तार अडकलेली असे. तार गेली, शब्द राहिला.