मदत हवी आहे: होमस्टेचं जीमेल सोडायचंय, खासगीपणा जपणारी ई-मेल सेवा कोणती घ्यावी?

खाडीकाठचा_माड (मालवण):
तारकर्लीजवळ तीन खोल्यांचं न्याहारी निवास आहे. बुकिंग, बँक, वीजबिल, पाहुण्यांची ओळखपत्रं, सगळं एकाच जीमेल खात्यावर येतं. 15 पैकी 11 जीबी भरलंय, आणि त्यातला मोठा भाग आधार आणि पासपोर्टच्या प्रतींचा. परदेशी पाहुणे आले की 24 तासांत त्यांची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते (पूर्वीचा सी-फॉर्म), म्हणून ते आधीच पासपोर्ट मेल करतात. विश्वासाने पाठवलेली ही कागदपत्रं जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीकडे वर्षानुवर्षं पडून राहावीत हे पटत नाही.

गरजा अशा: मी आणि वहिनी दोघं एकच खातं वापरतो, दोन अँड्रॉइड फोन आणि एका लॅपटॉपवर थंडरबर्ड (मेल वाचायचं मोफत सॉफ्टवेअर). पावसात लाइट आणि नेट दोन्ही जातं, त्यामुळे आलेला मेल नेट नसतानाही वाचता यायला हवा. वर्षाला पाच हजारांपर्यंत खर्च चालेल. प्रोटॉन, टुटा, मेलबॉक्स डॉट ऑर्ग आणि झोहो यांची माहिती वाचली आहे. कुठली घ्यावी? 11 जीबी कसं हलवावं? आणि गूगल मॅप्सवरची आमची नोंद त्याच खात्यावर आहे, तिचं काय?

पोफळीची_बाग (गुहागर):
सेवा ठरवण्याआधी स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, घ्या. डॉट इन साधारण पाचशे ते नऊशे रुपयांत वर्षभरासाठी मिळतं. पत्ता तुमच्या नावावर राहिला की उद्या सेवा आवडली नाही, महागली किंवा बंद झाली तरी फक्त डीएनएसच्या (डोमेनचा मेल कुठे जायचा ते सांगणाऱ्या) नोंदी बदलायच्या. पाहुण्यांना नवा पत्ता कळवत बसावं लागत नाही. हा धोका कल्पनेतला नाही. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कार्यवाही करायला सांगितलं होतं. त्या सेवेच्या नावाचाच पत्ता छापून बसलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं?

डोमेन एकदम तीन-पाच वर्षांचं भरा. मुदत संपली आणि दुसऱ्या कुणी ते नाव घेतलं, तर तुमच्या बँकेचे, बुकिंग साइटचे पासवर्ड बदलण्याचे मेलही त्याच्याकडे जातात. आणि ज्या कंपनीकडून डोमेन घ्याल तिथल्या खात्याला त्याच डोमेनवरचा मेल पत्ता देऊ नका. मेल बंद पडला की डोमेनच्या खात्यातही शिरता येत नाही.

आता एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचं. पाहुण्याने जीमेलवरून पासपोर्ट पाठवला, तर त्याच्या ‘सेंट’मध्ये ती प्रत राहतेच, तुमची सेवा कितीही चांगली असो. प्रोटॉन काय, टुटा काय, आलेला मेल तुमच्या किल्लीने कुलूपबंद करून साठवतात, म्हणजे साठवलेला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. पण दोन्ही टोकांना सुरक्षित असा मेल फक्त त्याच सेवेतल्या दोन खात्यांमध्ये, पीजीपीने (किल्लीने मेल कुलूपबंद करायची पद्धत) किंवा पासवर्ड लावून पाठवलेल्या मेलमध्येच असतो. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ तेव्हाही तशी सुरक्षित नसते, टुटामध्ये असते. म्हणून पाहुण्याचं नाव-नंबर विषयात लिहू नका.

तुमच्या गरजांवरून सांगतो. टुटा बाद, कारण तिला आयमॅप (बाहेरच्या मेल सॉफ्टवेअरला खातं जोडायची पद्धत) नाही, थंडरबर्ड चालणार नाही. प्रोटॉनमध्ये थंडरबर्डसाठी ब्रिज नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते फक्त सशुल्क खात्याला आणि फक्त संगणकावर चालतं. फोनवर त्यांचंच ॲप. शिवाय वेब प्रोटॉनमध्ये मेलच्या मजकुरात शोधायचं तर आधी सगळे मेल ब्राउझरमध्ये उतरवून सूची बनवावी लागते. खाडीकडच्या नेटवर त्याला दिवस जातो. झोहो भारतीय कंपनी, जाहिराती नाहीत, स्वस्त आहे, पण साठवलेला मेल प्रोटॉनसारखा तुमच्या किल्लीने बंद नसतो आणि मोफत योजनेत आयमॅप मिळत नाही.

मी मेलबॉक्स डॉट ऑर्ग घ्यायला सांगेन. बर्लिनची कंपनी, महिना 3 युरोच्या स्टँडर्ड योजनेत 10 जीबी आणि स्वतःचं डोमेन. (1 युरोच्या लाइटमध्ये डोमेन जोडता येत नाही, ती घेऊ नका.) साधं आयमॅप असल्यामुळे फोनवरच्या थंडरबर्डमध्येही मेल उतरून राहतो आणि नेट गेलं तरी उघडतो. पैसे आगाऊ भरून शिल्लक ठेवायची पद्धत आहे. आपल्याकडे हे फार सोयीचं, कारण परदेशी कंपनीचं दरमहा आपोआप पैसे वळतं करणं भारतीय कार्डांवर अनेकदा अडकतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार तेवढे चालू करून घ्या.

आगर_आणि_अँटेना (दापोली):
निवडीशी सहमत, पण एक गोष्ट स्पष्ट हवी. मेलबॉक्स डॉट ऑर्गमध्ये येणारा मेल तुमच्या पीजीपी किल्लीने कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे, मात्र ती आपोआप चालू नसते. चालू केली की तीच किल्ली लॅपटॉपवर आणि दोन्ही फोनवर टाकावी लागते, नाहीतर वहिनींना फोनवर नुसता गिचमिड मजकूर दिसेल. ही खटपट नको असेल तर प्रोटॉनची सशुल्क योजना जास्त सुरक्षित ठरते. तिथे मात्र पासवर्ड विसरून बदलला तर जुने मेल बंदच राहतात, 12 शब्दांचा रिकव्हरी फ्रेज आधी कागदावर उतरवलेला असेल तर उघडतात.

डीएनएसमध्ये लोक ठरलेल्या जागी अडकतात. जुन्या एमएक्स नोंदी (मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा ते सांगणाऱ्या) काढायच्या राहतात आणि निम्मे मेल भलतीकडे जातात. एसपीएफची (तुमच्या डोमेनवरून कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी) नोंद एकच असावी. दोन असतील तर पडताळणीच फसते. डोमेनचं पॅनेल नोंदीच्या नावापुढे तुमचं डोमेन स्वतःच जोडत असेल आणि तुम्हीही पूर्ण नाव टाकलं, तर ते दोनदा लागतं आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची नोंद) सापडत नाही. डीमार्क (पडताळणी फसलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आधी ‘नन’वर, म्हणजे काहीच न करण्यावर, ठेवा, दोन-तीन आठवडे सगळं नीट चाललं की ‘क्वारंटाइन’वर, म्हणजे स्पॅममध्ये टाकण्यावर, न्या. तपासायला नव्या पत्त्यावरून एखाद्या जीमेलला मेल टाका आणि तिथे ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हीपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. एकातही ‘फेल’ असेल तर बुकिंगची उत्तरं पाहुण्यांच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात.

खाडीकाठचा_माड:
मनापासून आभार. पण 11 जीबी 10 जीबीत कसं बसवायचं?

आगर_आणि_अँटेना:
बसवायचंच नाही. आधी गूगल टेकआउटवरून (खात्यातली माहिती उतरवून घ्यायची गूगलची सोय) पूर्ण प्रत एमबॉक्स स्वरूपात (अनेक मेल एकाच फाइलमध्ये) घ्या. फाइल 2 जीबीच्या तुकड्यांत मागवा, म्हणजे मध्येच नेट गेलं तर एक तुकडाच पुन्हा उतरवावा लागतो. दुवा साधारण आठवडाभरच चालतो. ती प्रत कूटबद्ध केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा.

मग जीमेलच्या शोधपट्टीतल्या फिल्टरमध्ये आकार 5 एमबीपेक्षा मोठा आणि जोडपत्र असलेला असं निवडून छाटणी करा. जुने पासपोर्ट आणि आधार इथेच काढा, कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर ते आणखी 30 दिवस राहतात. पेनड्राइव्हवरच्या प्रतीतूनही ते काढायचेत. पाहुणा येऊन गेला, नोंदवहीत आणि सरकारच्या ऑनलाइन अर्जात माहिती गेली, की प्रत ठेवण्याची गरज उरते का ते तपासा आणि नसेल तर पुसा. ज्या फाइली तुमच्याकडे नाहीत त्या कुणी चोरू शकत नाही, आणि मला तर सेवा बदलण्याहून हे काम मोठं वाटतं. पुढे भारतीय पाहुण्यांना मास्क्ड आधार पाठवायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

उरलेले मेल थंडरबर्डमध्ये दोन्ही खाती जोडून फोल्डरनिहाय ओढा. ‘ऑल मेल’ फोल्डर ओढू नका, प्रत्येक मेल दोनदा येईल. जीमेल आयमॅपवरून दिवसाला 2500 एमबीच उतरवू देतं, त्यापुढे खातं काही काळ अडतं. रोज दोन जीबीपर्यंत, रात्री.

पोफळीची_बाग:
मॅप्सच्या नोंदीसाठी गूगल खातं बंद करू नका, फक्त त्यावरचा मेल थांबवायचाय. बिझनेस प्रोफाइलमध्ये वहिनींचं खातं दुसरी मालक म्हणून आत्ताच जोडा. गूगल खात्यातून नुसती जीमेल सेवा काढून बाकी सगळं ठेवता येतं, पण तेही वर्षभराने.

तोवर जीमेलमधून नव्या पत्त्यावर फॉरवर्ड लावा. स्पॅम फॉरवर्ड होत नाही, म्हणून दर आठवड्याला जुन्या खात्याचं स्पॅम बघा, बुकिंगची चौकशी तिथे जाऊन बसते. पत्ते बदलताना क्रम बँक, आयकर, डिजिलॉकर, बुकिंग साइट, मग महावितरण. बदल करताना काही ठिकाणी जुन्या पत्त्यावरही ओटीपी जातो, त्यामुळे जुनं खातं उघडं असतानाच हे उरका. दुहेरी पडताळणीला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा, रेंज नसली तरी कोड मिळतो. फोनचं घड्याळ मात्र आपोआप जुळणारं ठेवा, ते मागेपुढे झालं तर कोड नाकारला जातो. दोन्ही फोनवर एकाच वेळी तोच क्यूआर स्कॅन करा, म्हणजे वहिनींना तुमच्या फोनची वाट बघावी लागणार नाही.