विडी घरकुलातलं सेवा-शिक्षणाचं काम कुठे छापता येईल?

प्रश्न (सोलापूर): समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी सेवा-शिक्षणात (वस्तीत सेवा करत अभ्यासक्रम शिकणं) दोन सत्रं विडी घरकुलात, म्हणजे इथल्या विडी कामगारांच्या वसाहतीत, महिला कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी घेतल्या. हे कुठे पाठवावं? पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं नकोत.

उत्तर १: सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं 'गेटवेज' हे नियतकालिक बघा. लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. संशोधन लेखांसोबत प्रत्यक्ष कामावरचे लेखही घेतात. खास सेवा-शिक्षणासाठी मिशिगन विद्यापीठात १९९४ साली सुरू झालेलं 'मिशिगन जर्नल ऑफ कम्युनिटी सर्व्हिस लर्निंग' हे नियतकालिकही आहे. मात्र 'शिबिर घेतलं, इतके लोक आले' एवढ्यावर लेख परत येतो. तो अहवाल झाला. विद्यार्थी काय शिकले आणि ते कसं तपासलं, वस्तीला काय मिळालं, दोन्ही लिहा.

उत्तर २: सर, आधी संमतीपत्रं काढून बघा. विडी कामगारांच्या अनेक घरांत तेलुगू बोलतात. मराठी कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली नाही. तेलुगूत वाचून, समजावून मग सही. नीतिसमितीची (संशोधनात सहभागी माणसांचं हित जपलं जातं का, हे तपासणारी समिती) मंजुरीही माहिती गोळा करण्याआधीच्या तारखेची लागते.

प्रश्नकर्ता: मंजुरी दुसऱ्या सत्राआधीची आहे.

उत्तर २: मग आकडे दुसऱ्या सत्राचेच वापरा. पहिलं सत्र पार्श्वभूमीत दोन ओळींत सांगा, आणि मंजुरी नव्हती हे स्पष्ट लिहा.

उत्तर ३: विद्यार्थ्यांना 'आविष्कार' या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत उतरवा. आणि 'केअर यादीत आहोत' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. ती यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य नियतकालिकांची यादी होती, आणि यूजीसीने ती २०२५ मध्ये बंद केली. निष्कर्ष मात्र त्या बायकांना आधी सांगा, त्यांच्या भाषेत.