जुन्या ट्रॅक्टरमध्ये २० टक्के बायोडिझेल वापरावे का?

प्रश्न:
निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग असून फवारणीचा ब्लोअर सुमारे २५ वर्षे जुन्या ट्रॅक्टरवर चालतो. हॉटेलांतील तळणाच्या तेलापासून बनवलेले बायोडिझेल आम्हाला मिळू शकते. ते डिझेलमध्ये २० टक्के मिसळल्यास पंपाला किंवा नोझलला अपाय होईल का? वर्षातील बहुतेक काळ उभ्या राहणाऱ्या मळणी यंत्राच्या इंजिनातही ते भरावे का?

उत्तर १:
ते खरोखर बायोडिझेल आहे की नुसते गाळलेले तेल, हे आधी पाहा. तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होऊन ग्लिसरीन वेगळे काढले, तरच ते डिझेलइतके पातळ होते. नुसते तेल डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट असल्यामुळे नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, टोकाशी काजळी धरते आणि न जळलेले तेल पिस्टनच्या रिंगांवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते. आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकानुसार केलेल्या तपासणीचा अहवाल मागा. तो नसेल, तर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

उत्तर २:
आमच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये असेच मिश्रण भरल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन फिल्टर तुंबले. इंधनात खोट नव्हती. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ बायोडिझेलने सुटा केला होता. म्हणून टाकी आधी धुऊन घ्या, जादा फिल्टर जवळ ठेवा आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदला, कारण साधे रबर त्यात फुगून मऊ पडते. व्हिटॉन या इंधन सोसणाऱ्या कृत्रिम रबराच्या नळ्या टिकतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. डिसेंबर-जानेवारीत आम्ही पहाटेच फवारणीला निघतो. थंडीचा त्रास होईल का?

उत्तर ३:
होऊ शकतो. हॉटेलांत बहुधा पामतेल वापरले जाते आणि त्याचे शुद्ध बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते. २० टक्के मिश्रण त्याहून अधिक थंडी सोसते, परंतु निफाडचा पारा ५ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा फिल्टरमध्ये मेणासारखा थर बसण्याचा धोका राहतो. त्या दोन महिन्यांत साधे डिझेलच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मळणी यंत्रात मात्र बायोडिझेलचे मिश्रण मुळीच भरू नका. बायोडिझेल हवेतील ओलावा धरते, साठवणीत त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि पाणी साचलेल्या टाकीत जिवाणू व बुरशी वाढून चिकट साका तयार होतो.