मदत हवी आहे: गारपिटीत घराचं नुकसान झालंय आणि सासरे दर वेळी गारांत बाहेर धावतात

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय, पण प्लीज पूर्ण वाचा, कारण एकदोन गोष्टींत मला आजच्या आज सल्ला हवाय.

आम्ही नाशिकमध्ये म्हसरूळला राहतो. स्लॅबचं घर आहे, गच्चीवर सोलर वॉटर हीटर आणि गेल्या वर्षी सबसिडीत बसवलेलं ३ किलोवॅटचं लाईटचं सोलर, मागच्या अंगणात सिमेंटच्या पत्र्याचा गोठा, त्यात एक गाय आणि तिची कालवड. घरात मी, सासू-सासरे आणि माझा आठ वर्षांचा मुलगा. नवरा पुण्याला नोकरीला असतो, शनिवारी येतो.

परवा दिवसभर नुसता उकाडा होता, झाडाचं पान हलत नव्हतं. चारच्या सुमारास चामरलेणीच्या डोंगरामागून आभाळ भरून आलं, रंग काळा पण नाही, काळपट पिवळा, घरात दिवा लावावा लागला इतका अंधार. आधी धुळीचा वारा सुटला, मी गच्चीवरचे कपडे काढायला पळाले, दोन टपोरे थेंब पडले आणि मग काहीतरी टण्णकन टाकीवर आपटलं. मला वाटलं पोरांनी दगड मारला. खाली बघते तर गार. हरभऱ्याएवढ्या होत्या तोवर मुलगा खिडकीत टाळ्या वाजवत होता, मग बोराएवढ्या झाल्या, आणि मी जिना उतरून दार लावेपर्यंत लिंबाएवढ्या पडायला लागल्या. लाईट गेली. ट्रकभर खडी एकदम ओतल्यासारखा आवाज, आणि तो थांबतच नाही, मी मुलाला कुशीत घेऊन काहीतरी बोलत होते पण मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं. स्वयंपाकघराची काच फुटली, ओट्यावर कणकेच्या परातीत गारा येऊन पडल्या.

आणि तेवढ्यात मागे गाय हंबरली.

आप्पा म्हणजे माझे सासरे, ७१ वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. ते खुर्चीतून उठले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि मागचं दार उघडून सरळ गोठ्याकडे. मी ओरडतेय, आई ओरडतायत, ते ऐकायला जागेवर नव्हतेच. गोठ्याचे पत्रे वरून फुटत होते आणि हे खाली उभं राहून दावं सोडत होते. गाठ ओली होऊन बसली होती, सुटेना. मी परातीतली कणीक तशीच ओट्यावर पालथी केली, परात डोक्यावर धरली आणि गेले. आयुष्यात एवढी घाबरले नसेन. परातीवर जे फटके बसत होते ते मनगटात जाणवत होते. त्यांना दंडाला धरून आणलं तेव्हा हातात कालवडीचं दावं होतं, तीही आत आली, स्वयंपाकघरात. गाय तिथेच राहिली, पाठीवर दोन ठिकाणी सूज आहे, पण वाचली. आप्पांना कानाच्या वर लागलंय, टेंगूळ आलंय आणि थोडं रक्त आलं होतं. आईंनी हळद दाबून धरली. दवाखान्यात जायला ते तयार नाहीत, म्हणतात बरा आहे मी, चक्कर नाही काही नाही.

सगळा प्रकार बारा-पंधरा मिनिटांचा असेल. थांबल्यावर मी दार उघडलं तर अंगणात गारांचा खच, पांढरंशुभ्र, आणि चुरगळलेल्या पाल्याचा कडू वास. कडुनिंबाखाली तीन पोपट मरून पडले होते, ते मुलाने बघितले, त्यानंतर तो बराच वेळ बोलला नाही. गच्चीच्या पाईपच्या तोंडाशी गारा आणि पाला अडकून पाणी तुंबलं होतं, ते जिन्यावरून आत आलं, रात्री दहापर्यंत आम्ही पाणीच काढत होतो. वॉटर हीटरच्या १५ पैकी ९ ट्यूब फुटल्यात, गच्चीभर काचा. लाईटच्या सोलरच्या पॅनेलना वरून तरी काही झालेलं दिसत नाही.

मुलाने चार गारा डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवल्यात. त्यातली एक काल आप्पांनी सुरीने मधोमध कापून दाखवली त्याला, आत कांद्यासारखे पापुद्रे होते, एक दुधाळ एक काचेसारखा. त्याने विचारलं उन्हाळ्यात बर्फ कसा पडतो, तर आप्पा म्हणाले तापलेल्या जमिनीवरची हवा जोरात वर चढते, खूप उंच ढगात पाणी गोठतं, आणि तो वारा त्या गोळीला वर धरून ठेवतो तोवर तिच्यावर थर चढत जातात, वाऱ्याला पेलवेना झालं की पडते. इतकं शांतपणे समजावलं. आणि शेवटी म्हणाले, २०१४ ला याच्यापेक्षा मोठ्या होत्या.

आता खरी गोष्ट. आमची निफाडकडे तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग होती. २०१४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली ती बऱ्याच जणांना आठवत असेल. व्यापारी सौदा ठरवून गेला होता, चार दिवसांनी माल काढायचा होता. गारा सुरू झाल्या तेव्हा आप्पा बागेकडे निघाले होते आणि घरच्यांनी त्यांना धरून आत कोंडलं, दाराला बाहेरून कडी लावली. जिवासाठीच लावली. ते खिडकीतून बघत राहिले. नंतर दोन वर्षांत बाग काढली, जमीन वाट्याने दिली आणि आम्ही इकडे आलो. बाहेर जाऊन ते काय करणार होते, तीन एकरावर काय हात धरणार होते, हे त्यांनाही कळतं. पण तेव्हापासून आभाळ वाजलं की हा माणूस घरात थांबत नाही. परवा मी दार लावायला गेले तर माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, मला कडी लावता आली नाही.

तर मला हे विचारायचंय. आप्पांना डॉक्टरकडे न्यायलाच हवं का, दोन दिवस तर काही त्रास नाही. गोठ्याचे फुटके पत्रे कोणाकडून काढू, शेजारचा मुलगा वर चढून काढतो म्हणतोय. सोलर चालू ठेवू का. पंचनामा होतो का, आम्ही महापालिका हद्दीत आहोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या वेळी आप्पांना आत कसं ठेवू? अजून एप्रिल-मे अख्खा जायचाय. ओरडून, शपथा घालून झालंय. कडी मी लावणार नाही.

प्रतिसाद १
बाकी सगळं बाजूला ठेवा, आप्पांना आज न्या. मी नर्स आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना वयस्कर माणसाच्या डोक्याला मार लागला तर वरून बरं दिसणं पुरेसं नसतं, आत हळूहळू रक्त साठू शकतं आणि त्रास कधीकधी काही दिवसांनी, काही आठवड्यांनीसुद्धा सुरू होतो. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, स्कॅन करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. गोळी मनाने बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलताना जीभ अडखळणं, एका हातापायात जोर कमी, असं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

प्रतिसाद २
शेजारच्या मुलाला वर चढू देऊ नका!! फुटलेला सिमेंटचा पत्रा पाय ठेवला की खाली जातो, माणसं अशीच पडतात. आणि या पत्र्यांत बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. खालून शिडी लावून, आधी पाणी मारून ओले करायचे, मास्क लावायचा, हातोडीने आणखी फोडायचे नाहीत, तुकडे कोरड्या झाडूने झाडायचे नाहीत, ओले करून जाड पिशवीत भरायचे. गव्हाणीतला चारा टाकून द्या, बारीक तुकडे असतील.

सोलरबद्दल. पॅनेलची गारांची जी नेहमीची टेस्ट असते ती २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळीने, सेकंदाला २३ मीटर वेगाने करतात. तुमच्याकडे लिंबाएवढ्या पडल्यात म्हणजे त्याहून मोठ्या. काच शाबूत असली तरी आतल्या सेलला बारीक तडे असू शकतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये गारपिटीच्या आधीचे स्वच्छ उन्हाचे दिवस आणि आताचे दिवस शेजारी ठेवून युनिट बघा. घट दिसली तर बसवणाऱ्याला लेखी कळवा. एखादी काच तडकलेली सापडली तर मात्र हात लावू नका, घरचा मेन बंद असला तरी उन्हात पॅनेलमधून करंट येतच असतो. वॉटर हीटरच्या ट्यूब सुट्या मिळतात, फक्त नवीन ट्यूब उन्हात तापलेली असताना त्यात गार पाणी सोडू नका, तडकते, सकाळी लवकर बसवा.

प्रतिसाद ३
पंचनामा होतो, शहरात असलात तरी तलाठ्याकडे अर्ज द्या. काही हलवायच्या आधी फोटो काढा, फ्रीझरमधली गार पट्टीशेजारी ठेवून तिचाही काढा, मुलाने चांगलं काम केलंय. रकमेची फार आशा ठेवू नका. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५०० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये ठरवले होते. घराचा विमा काढलेला असेल तर आधी तो बघा, गृहकर्जासोबत काढलेला असतो आणि लोक विसरतात.

प्रतिसाद ४
ताई, मी निफाडचाच. २६ नोव्हेंबर २०२३ ला आमच्या बागेवर गारा पडल्या तेव्हा माझे वडील असेच बाहेर गेले होते, म्हणून तुमचा धागा दोनदा वाचला. एक सांगतो, चुकलं तर सोडून द्या. शेतकरी माणसाला बस म्हटलं की बसवत नाही, त्याला काम लागतं. आम्ही वडिलांना आभाळाचं खातं दिलं. हवामान खात्याचा अलर्ट आला की तो वाचायचा, विजेसाठी दामिनी अ‍ॅप बघायचं, आणि ढग दिसायला लागले की जनावरं स्लॅबखाली आणायची, गच्चीचे पाईप मोकळे करायचे, गाडी आत घ्यायची, हे सगळं त्यांच्या हुकमाने. म्हणजे गारा पडायच्या आधी ते बाहेर असतात, पडायला लागल्यावर बाहेर जाण्यासारखं काही उरत नाही. तुमच्याकडे गाय आत असती तर आप्पा कशाला गेले असते? दाव्याला गाठ नको, ओढली की सुटेल अशी कडी लावा. आणि मागच्या दाराशी हेल्मेट टांगून ठेवा, लागू नये, पण असू दे.
बाग कोंडलेल्या खोलीतून बघणं काय असतं ते माहीत आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आप्पांना नेलं. येत नव्हते, मग पहिला प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा गप्प शर्ट घातला. स्कॅन केला, आत रक्तस्राव नाही, पण पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायला सांगितलंय. रात्री मी खूप रडले, का ते सांगता येणार नाही.

पत्र्यांना पाणी मारून ठेवलंय, उद्या माहितगार माणूस येतोय. सोलरचं युनिट बघतेय, आज उन्हाचा पहिला स्वच्छ दिवस, आधी असे दिवस १३ च्या आसपास जायचे, आज साडेअकरा. अजून दोन दिवस बघून कळवेन.

निफाडच्या दादांचा प्रतिसाद मी आप्पांना वाचून दाखवला नाही, फोनच हातात दिला. दोनदा वाचला त्यांनीही. काही बोलले नाहीत. आज सकाळी उठून बघते तर पुढच्या पोर्चमध्ये स्लॅबखाली दोन खुंट्या ठोकल्यात आणि मुलाला सोबत घेऊन दाव्याची कडी बदलतायत. दुपारी मला म्हणाले, गच्चीवरच्या ट्यूबवर जाळी टाकू, बागेवर टाकतात ती गारांची. नवीन महाग पडेल म्हणतात, जुनी चालेल.

म्हणून अजून एक विचारते. पिंपळगाव किंवा ओझर बाजूला कोणाकडे वापरलेली गारपिटीची जाळी पडून असेल तर सांगाल का? साधारण दहा फूट बाय पंधरा फूट पुरेल. आणि ट्यूबपासून किती उंचावर ताणायची, म्हणजे झोळ पडून गार ट्यूबवर आपटणार नाही, हे कोणी केलं असेल तर तेही लिहा. आप्पा वही घेऊन बसलेत.