आंरी रूसोच्या जंगलांविषयी थोडी भर

तरुणपणी सैन्यात असताना फ्रेंच चित्रकार आंरी रूसोने मेक्सिकोतील अरण्ये पाहिली आणि तीच पुढे चित्रांत उतरवली, असे सांगितले जाते. ही आख्यायिका पसरवण्यात कवी आपोलिनेर याचा मोठा हात होता. प्रत्यक्षात रूसोने फ्रान्सची सीमा कधीच ओलांडली नाही. पॅरिसच्या जकात खात्यातील नोकरी सांभाळून फावल्या वेळात रंगवणाऱ्या आणि १८९३ मध्ये निवृत्ती घेऊन पूर्णवेळ चित्रकलेकडे वळलेल्या या माणसाचे अरण्य म्हणजे त्याच शहरातील वनस्पतिउद्यानाची काचगृहे, पेंढा भरलेले प्राणी आणि छापील चित्रे.

१८९१ च्या वादळातील वाघाच्या चित्रात ही जुळवाजुळव स्पष्ट दिसते: प्रत्येक पान वेगळे, रेखीव, आणि त्या सर्वांवरून तिरक्या ओढलेल्या पातळ रुपेरी रेघांचा पाऊस. खोलीचा भास यथादर्शनाने (दूरच्या वस्तू लहान होत गेलेल्या दाखवण्याच्या पद्धतीने) नव्हे, तर एकावर एक रचलेल्या हिरव्या थरांनी निर्माण होतो.

‘स्वयंशिक्षित’ असला तरी तो परंपरेविषयी बेफिकीर मुळीच नव्हता. १८८४ मध्ये त्याने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचा परवाना मिळवला होता आणि जेरोमसारख्या अकादमिक चित्रकारांविषयी त्याला मनापासून आदर होता. पिकासोने १९०८ मध्ये त्याच्यासाठी मेजवानी दिली खरी, पण तीत कौतुकाइतकीच थट्टाही असावी, असे मला वाटते. ‘झोपलेली जिप्सी’ हे चित्र त्याने आपल्या जन्मगावाला, लावालला, विकत घेण्याविषयी सुचवले होते. नगरपालिकेने ते नाकारले. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.