हिरड्यांतून रक्त येतं, पुढे कॅन्सर होतो का?

सातारकर७: आईच्या हिरड्या सुजल्यात, रक्त येतं, दोन दात हलतायत आणि ती ३० वर्षं रोज मिश्री लावते. पायोरियाचा कॅन्सर होतो असं कुणीतरी म्हणालं, तेव्हापासून झोप उडालीय. खरंय का?

दातवाली_ताई: थेट तसं सिद्ध झालेलं नाही. अभ्यासांत संबंध दिसतो, कायमची सूज आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू यांच्यावर संशय आहे, पण तंबाखूने दोन्ही होतं त्यामुळे गुंता आहे. मला तर मिश्रीचीच जास्त काळजी वाटते, ती भाजलेली तंबाखूच हो, आणि रोज हिरडीवरच घासली जाते.

गावाकडचा: आमच्या आत्याचं असंच, हिरडी सुजलीय म्हणून मिठाच्या गुळण्या करत बसलो, आतला पांढरा चट्टा कुणी बघितलाच नाही. शेवटी बायोप्सीत कळलं. ऑपरेशन झालं, आता बरी आहे.

सातारकर७: बापरे. उद्याच नेतो. मिश्रीचा डबा फेकून देऊ?

दातवाली_ताई: फेकून ती शेजारून आणेल, तलफ असते ती. १८००-११-२३५६ वर फोन लावून द्या, सोडायला मदत करतात, फुकट आहे. आणि डॉक्टरांना गाल, जिभेखालीसुद्धा बघायला सांगा, नुसतं दात साफ करून परत येऊ नका.